वरच्या क्वार्टरमधला वास

मला दमा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण जवळजवळ वर्षभर मी दम्याची रुग्ण म्हणून जगले. पर्समध्ये पंप, उशाशी पंप, शाळेत टेबलाच्या खणात पंप. पाहुणे यायचे ते आल्याचा रस नाहीतर कुठल्याशा वैद्यांचा पत्ता घेऊन यायचे. मी सगळं केलं. बरी झाले नाही, कारण आजार माझ्या छातीत सुरू झालाच नव्हता. तो माझ्या डोक्यावरच्या स्लॅबच्या पलीकडे सुरू झाला होता.

परवा शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, आमच्या मागच्या घरातून सारखा कसला तरी वास येतो, मुलाला खोकला आहे. तुमचं कसं झालं होतं?" मी सांगायला लागले आणि अर्ध्यातच धाप लागली. उरलेलं लिहून देते म्हटलं. लिहिताना धाप लागत नाही. तेच हे.

एक गोष्ट मात्र मी लिहिणार नाही. आमच्या वरच्या घरातल्या मुलाने काय काय आणलं आणि कशात काय मिसळलं, ते मला नीटसं माहीत नाही, आणि माहीत असतं तरी इथे आलं नसतं.

आमचा ब्लॉक

आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो, सोनागिरीकडच्या फाटकाजवळ. दुमजली ब्लॉक, खाली दोन क्वार्टर, वर दोन. माझे यजमान श्रीधर कारखान्यात फोरमन. त्यांचे वडील अमरावतीहून इथे नोकरीला आले आणि इथलेच झाले. मी इंदूरची. लग्न होऊन भोपाळला आले आणि टाउनशिपच्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. एकुलती मुलगी गौरी लग्न होऊन इथल्याच बाग सेवनियात राहते. तिची छोटी इरा शनिवार-रविवार आमच्याकडे असायची.

एके काळी या ब्लॉकसमोर संध्याकाळी खुर्च्या टाकल्या की रस्ता अडायचा. आता भरती कमी झाली आहे. लोक रिटायर होऊन गेले, क्वार्टरांना कुलपं लागली, गवत खिडक्यांपर्यंत आलं. आमच्या ब्लॉकमध्ये दोनच घरं नांदती उरली होती. खाली आम्ही आणि बरोबर आमच्या डोक्यावर शुक्ला भाभी.

शुक्लाजी कारखान्यात श्रीधरच्याच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, होते. ड्यूटीवर असतानाच हृदयविकाराने गेले. त्यांच्या जागी भाभींना कारखान्याच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि क्वार्टर टिकलं. त्यांचा मुलगा अंकुर तेव्हा सातवीत होता. भाभी ऑफिसातून येईपर्यंत तो आमच्याकडे असायचा. माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी त्याला उपवास नसतानाही लागायची. हुशार होता, पण बसून अभ्यास करणं त्याच्या जिवावर यायचं. बारावीनंतर एम. पी. नगरच्या कोचिंगला गेला, इंजिनियरिंगला नंबर लागला नाही. मग कॉलेज अर्धवट, मग एका कॉल सेंटरची रात्रपाळी, मग तीही सुटली.

आणि एक दिवस भाभी जिन्यात भेटल्या त्या चेहरा उजळलेल्या. "दीदी, अंकुर ने अपना काम शुरू किया है। फिनाईल और हैंडवॉश बनाएगा। पीछे वाला कमरा दे दिया है उसको।"

मला मनापासून बरं वाटलं. मी त्याच्याकडून फिनाईलची बाटली घेतलीसुद्धा.

वास

वास एकच नव्हता. कधी नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा, गोडसर आणि डोक्यात जाणारा. कधी मांजर मुतल्यासारखा. कधी जळलेल्या प्लॅस्टिकसारखा. सकाळी भाभी ऑफिसला गेल्या की थोड्या वेळाने सुरू व्हायचा आणि त्या येईपर्यंत विरून जायचा.

भोपाळमध्ये वास कोणी हसण्यावारी नेत नाही. गॅसच्या वेळी आमची टाउनशिप त्या भागापासून लांब होती, तरी माझ्या सासूबाई शेवटपर्यंत तिखट वास आला की आधी ओला टॉवेल शोधायच्या. श्रीधर वर गेले आणि विचारून आले. अंकुर दारातच उभा राहून म्हणाला, "अंकल, फिनाईल का कॉन्सन्ट्रेट है, एग्झॉस्ट लगवा दिया है।" एग्झॉस्टचा पंखा खरंच लावलेला होता आणि तो दिवसभर चालायचा. मागच्या खोलीच्या खिडकीच्या काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. त्यांच्या न्हाणीघराच्या पाइपखाली माझा कढीपत्ता होता, चांगला छातीइतका उंच. तो एका बाजूने जळाल्यासारखा काळा पडला आणि मग पूर्ण गेला. उन्हाने गेला, असं आम्ही ठरवलं.

त्याच सुमाराला माझा खोकला सुरू झाला. डोळे चुरचुरायचे, डोकं सतत जड, नाकातून मधूनच रक्त. वर्गात कविता म्हणताना आवाज फाटायचा. झोप उडाली आणि चिडचिड इतकी वाढली की श्रीधर घरात पाऊल टाकताना माझा चेहरा बघून घ्यायचे. टाउनशिपच्या दवाखान्यात आधी ॲलर्जी म्हणाले, मग दमा. एक डॉक्टर म्हणाले, "इस उम्र में औरतों को हो जाता है।" उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरला माहेरी गेले तर पंपाला हात लावावा लागला नाही. भावजय म्हणाली, "ताई, तुम्हाला माहेरची हवाच मानवते." आम्ही दोघी हसलो. परत आले आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

इरा रविवारी आमच्याकडून घरी गेली की तिला शिंका आणि अंगावर बारीक पुरळ. गौरी मला म्हणायची, "आई, तू देवापुढे किती उदबत्त्या लावतेस गं!" मी उदबत्त्या बंद केल्या.

अंकुर दिसायचा तो असा की बघवत नसे. गाल आत गेलेले, ओठांना फोड, हातांवर ओरबाडल्याच्या खुणा. जिन्यात समोर आला तर भिंतीला चिकटून, खाली बघत निघून जायचा. भाभी म्हणायच्या, "काम का टेन्शन है, खाता ही नहीं।" त्या मागच्या खोलीला तो कुलूप लावायचा आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात.

स्फोट

परीक्षांचे दिवस होते, त्यामुळे शाळा लवकर सुटली होती. मी दुपारी घरी पेपर तपासत बसले होते. वर धाडकन आवाज झाला, खिडक्या थरथरल्या, आणि मागोमाग अंकुरची किंकाळी.

मला वाटलं सिलिंडर फुटलं. त्यांचं स्वयंपाकघर बरोबर माझ्या स्वयंपाकघरावर, रेग्युलेटर कुठे आहे ते मला डोळे मिटून सापडलं असतं. एवढाच विचार डोक्यात होता: आधी गॅस बंद करायचा. टॉवेल नळाखाली धरला, तोंडाला बांधला आणि वर धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी, ओट्यावर भाभींनी झाकून ठेवलेली भाजी. सिलिंडर शाबूत. धूर मागच्या खोलीतून येत होता. पिवळट, जड, जमिनीलगत सरकणारा.

आतून तो ओरडला, "आंटी, अंदर मत आना! साँस मत लेना!"

मी आत गेले. कशी गेले ते मला विचारू नका, कारण मलाही सांगता येत नाही. तो दाराजवळच पडला होता. टेरिकॉटचा शर्ट पेटून अंगाला चिकटला होता. मी दोन्ही हातांनी तो धरून त्याला ओढलं. फरशीवर काहीतरी सांडलेलं होतं, त्यावर माझा पाय घसरला, टॉवेल सुटला आणि मी एक पूर्ण श्वास घेतला.

तो एकच श्वास मला आठवतो. जणू कोणी घशातून तापलेली सळई खाली उतरवली. पुढचं तुकड्यातुकड्यांत आहे. जिन्याचा कठडा, समोरच्या ब्लॉकमधल्या लोकांची धावपळ, कोणाच्या तरी गाडीची मागची सीट, आणि श्रीधरांचा आवाज, "माधवी, डोळे उघड! उघड डोळे!"

मेथी

टाउनशिपच्या दवाखान्याने मला लगेच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सुरुवातीचे दिवस अतिदक्षता विभागात गेले. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. बोलायला गेलं की फक्त हवा यायची. फुप्फुसांना आतून सूज आहे, एवढंच घरच्यांना सांगितलं होतं.

छातीच्या डॉक्टर सिद्दीकी मॅडम. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, फार घाईत कधीच नसणाऱ्या. मला वॉर्डात हलवल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. श्रीधर आणि गौरी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते.

"ये खाँसी कब से है?"

गौरीने वर्षभराचं सांगितलं. पंप, इंदूर, सगळं. मग मॅडमनी मला विचारलं, घरात वास यायचा का, कसा यायचा. मी कुजबुजत एकेक सांगत गेले. मांजराच्या मुताचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू हरवलेलं काही सापडलं.

"पुलिस की रिपोर्ट आ गई है," त्या म्हणाल्या. "वो लड़का फिनाईल नहीं बना रहा था। मेथ बना रहा था।"

मला 'मेथी' ऐकू आलं. मी गौरीकडे बघितलं. मेथीने कधी स्फोट होतो का? गौरीचा चेहरा पांढरा पडला होता. ती एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात काम करते, तिला कळलं होतं. "आई, मेथी नाही. नशा. ड्रग."

मॅडमनी समजावून सांगितलं, माझ्या शाळेतल्या मुलांना कळेल इतक्या सोप्या शब्दांत. ही नशा माणसाला झोपू देत नाही, खाऊ देत नाही, शेवटी मेंदूच पोखरते. आणि घरात बनवली तर ती न घेणाऱ्यालाही सोडत नाही. बनताना निघणारे वायू भिंतींत, गाद्यांत, पडद्यांत मुरतात. जमिनीलगत, फटींतून, पाइपांतून पसरतात. "आपको दमा नहीं था। आप एक साल से वही हवा पी रही थीं। और उस दिन एक साथ बहुत सारी।"

"मेरी छोटी बेटी..." गौरी म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. इरा आमच्या मागच्या खोलीत जमिनीवर खेळायची.

"कल ले आइए," मॅडम म्हणाल्या. "और उस घर से कोई चीज़ मत लाइए, एक तकिया भी नहीं।"

इराच्या छातीचे फोटो आणि रक्त तपासेपर्यंत मधले दिवस गौरीने कसे काढले असतील! ती माझ्याशी बोलत नव्हती. रागाने नव्हे. बोलली असती तर रडली असती. रिपोर्ट चांगले आले. पुरळ त्या घरापासून लांब राहिल्यावर आपोआप गेलं. त्या दिवशी गौरी माझ्या पलंगावर डोकं ठेवून तशीच झोपून गेली.

वॉर्ड

हॉस्पिटलातला दिवस ड्रेसिंगने सुरू व्हायचा. ट्रॉलीची चाकं कॉरिडॉरमध्ये वाजली की मी तोंड भिंतीकडे फिरवायचे. पट्ट्या सोडताना सिस्टर म्हणायची, "बस हो गया, हो गया," आणि होत नसे. मग वाफ, मग छातीचा व्यायाम. एका प्लॅस्टिकच्या डबीतले तीन चेंडू श्वासाने वर उचलायचे. निम्मं आयुष्य मी वर्गाला आवाज चढवून शांत बसवलं होतं, आणि आता एक चेंडू हलत नव्हता. औषधांनी चेहरा भोपळ्यासारखा सुजला. भूक इतकी लागायची की वॉर्डातली पातळ डाळही गोड लागायची.

शेजारच्या पलंगावर नसीम खाला होत्या, जुन्या शहरातल्या. गॅसच्या रात्रीपासून त्यांची छाती अशीच. दर थंडीत त्या या वॉर्डात येत. मला आणलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गैस वाली है क्या?" सिस्टर म्हणाली, "नहीं खाला, दूसरी गैस।" "अब घर-घर में बनाने लगे," खाला म्हणाल्या, आणि कूस बदलली.

धाप लागली की मी घाबरून उताणी पडायचे आणि ती वाढायची. खाला पलंगावरून दटावायच्या, "लेट मत, बेटी। उठ के बैठ, आगे झुक। मुँह ऐसे कर जैसे चाय पे फूँक मारते हैं।" माझे हात बांधलेले, त्यामुळे केसांची जट झाली होती. एका सकाळी त्यांनी स्वतःचा कंगवा काढला आणि माझ्या मागे बसून, मध्ये मध्ये खोकत, वेणी घातली. आई गेल्यापासून माझी वेणी कोणी घातली नव्हती. मी रडले. खाला म्हणाल्या, "रो मत, साँस फूलेगी।"

भीतीबद्दलही लिहायला हवं. मरणाची भीती पहिले काही दिवसच होती. नंतरची भीती वेगळी. दार उघडून कोणी आलं आणि त्याच्या अंगाला जरा जरी सेंट असला तरी मी मास्कसाठी धडपडायचे. फरशी पुसायला फिनाईल आलं की मी किंचाळायचे. सफाईवाली बाई शेवटी माझ्या पलंगाभोवती साध्या पाण्याने पुसायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

भाभी

शुक्ला भाभी आल्या तेव्हा श्रीधर गौरीकडून डबा आणायला गेले होते. बहुतेक ते गेल्याचं बघूनच त्या आल्या. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. ऑफिसची साडी, पण पदर नीट नव्हता.

"दीदी, आप न होतीं तो वो जल जाता।"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"पुलिस आएगी आपके पास," त्या म्हणाल्या. "कह देना सिलिंडर फटा था। आपने तो कुछ देखा नहीं न, दीदी? मेरा एक ही है।"

त्या माझ्या पायांना हात लावून निघून गेल्या. जिन्यात त्यांना श्रीधर भेटले असणार, कारण ते आले ते डबा आपटतच.

"काय म्हणत होती?"

मी सांगितलं.

"तू काहून गेली होतीस वर?" त्यांचा आवाज चढला, सगळा वॉर्ड बघायला लागला. चिडले की ते वडिलांच्या बोलीत जातात. "ज्यानं आपल्या नातीच्या नाकातोंडात विष घातलं, त्याच्यासाठी जीव देऊन राहिली होतीस? मी तर सांगतो, त्याला आयुष्यभर आत टाकलं पाहिजे. अन् तिलाही. मायला माहीत नसते का, पोरगं काय करते ते?"

बाविसाव्या वर्षी या माणसाशी लग्न करून भोपाळला आले, पण माझ्यावर ते असे कधी ओरडले नव्हते. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. पाठ हलत होती.

दुसऱ्या दिवशी एक सब-इन्स्पेक्टर बाई आली, तरुण, अदबीने बोलणारी. श्रीधर शेजारी होते. मी जे झालं ते सांगितलं. वास, वर्तमानपत्रं लावलेली खिडकी, गळ्यातली किल्ली, पिवळा धूर. सिलिंडर शाबूत होतं, हेही. आणि शेवटी म्हटलं, "लिखिए, उसने मुझे रोका था। कहा था, अंदर मत आना, साँस मत लेना।"

श्रीधर म्हणाले, "हे कशाला सांगतेस?"

"झालं ते सगळं सांगायचं तर हेही झालंय," मी म्हटलं. एवढं एक वाक्य बोलून मला बराच वेळ मास्क लावावा लागला. संध्याकाळी श्रीधरनी संत्रं सोलून, एकेक फोड शिरा काढून मला भरवली.

अंकुर

घरी जायच्या आधी मी त्याला बघायला गेले. गौरीला आवडलं नाही, पण व्हीलचेअर तिनेच ढकलली. भाजलेल्यांच्या वॉर्डात दाराशी एक हवालदार बसला होता. मच्छरदाणीसारख्या जाळीखाली अंकुर. छाती आणि मान पांढऱ्या मलमाने माखलेली. तोंड उघडलं तेव्हा दात दिसले, काळे, काही तुटके. चोवीस-पंचवीसचा मुलगा.

"आंटी," तो म्हणाला, आणि थांबला.

मी वाट बघितली. मला घाई करता येतच नव्हती.

तो तुटक तुटक सांगत गेला. रात्रपाळीत जागं राहण्यासाठी एकाने पुडी दिली. पहिल्यांदा वाटलं, आपण काहीही करू शकतो. मग पुडीशिवाय उठताच येईना. कोणीतरी म्हणालं, घरी बनवता येतं, मोबाइलवर बघ. "फिर मैं सोता ही नहीं था। दीवार में लोग बोलते थे। लगता था नीचे से अंकल सुन रहे हैं, इसलिए खिड़की बंद की।" बोलताना त्याची बोटं चादरीवर काहीतरी वेचत होती, जे तिथे नव्हतं.

त्याने पाणी मागितलं. पेला माझ्याजवळच्या स्टुलावर होता. मी हात पुढे केला आणि मग लक्षात आलं, मला तो धरता येणार नाही. त्यालाही नाही. हवालदार उठला, त्याने पेला त्याच्या ओठांना लावला. बराचसा हनुवटीवरून सांडला.

मी त्याला माफ केलं का, असं गौरीने लिफ्टमध्ये विचारलं. मला माहीत नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्यापेक्षा तो जास्त आजारी आहे.

घर

दोन्ही क्वार्टर सील झाली, वरचं आणि आमचं. आम्हाला एकदा, मास्क लावून, थोडा वेळ आत जाऊ दिलं. मी गाडीत बसले, श्रीधर आणि जावई आत गेले. स्टीलची भांडी घासून-पुसून वापरता येतील, असं सांगितलं होतं. कापूस, कापड, कागद, सगळं टाकून द्यायचं. गाद्या गेल्या. इराची कापडी खेळणी गेली. माझ्या लग्नाचा शालू गेला. पुण्याहून दर वर्षी पोस्टाने येणारे दिवाळी अंक मी एकही रद्दीत घातला नव्हता. ते काळ्या पिशव्यांत भरून ट्रकमध्ये चढताना मी बघितले. श्रीधर बाहेर आले ते कुकर आणि तव्यांची पाटी घेऊन. "एवढंच," ते म्हणाले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. मी माझा पट्टीतला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. तितकंच करता येत होतं.

काही दिवस गौरीकडे काढून आम्ही सोनागिरीत भाड्याचं घर घेतलं. पहिला मजला, चारी बाजूंना खिडक्या. मला तेच हवं होतं. हातांची कातडी आता गुलाबी आणि ताणलेली आहे, थंडीत मूठ वळत नाही. आवाज घोगरा राहिला. शाळेत मी पुन्हा जाते, पण मोठा वर्ग घेत नाही. पहिलीची मुलं माझ्याजवळ येऊन बसतात, कारण लांबून ऐकू येत नाही. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. थांबते.

वास, जळालेली झाडं, झाकलेल्या खिडक्या, कधीही न उघडणारी खोली, वाळत चाललेलं आणि झोप उडालेलं पोर, बाहेरगावी गेल्यावर बरा होणारा खोकला, हे सगळं एका ठिकाणी दिसलं तर स्वतः आत डोकावू नका आणि संकोचही करू नका. बाहेर पडा, पोलिसांना सांगा, आणि डॉक्टरांना वासाचंही सांगा. मी खोकला, रक्त, झोप सगळं सांगितलं होतं. वासाचं मला कोणी विचारेपर्यंत आजाराला नाव मिळालं नाही.

छातीची ओपीडी

पावसाळा संपता संपता एका दुपारी जिन्यात कोणीतरी खोकत होतं. थांबत, पुन्हा चढत, पुन्हा थांबत. असा खोकला मी ओळखते. श्रीधरनी दार उघडलं. शुक्ला भाभी होत्या.

अंकुरवर खटला चालू होता. तो जेलमध्ये होता, तिथून उपचाराला नेत-आणत. भाभींना दुसरं क्वार्टर मिळालं होतं, टाउनशिपच्या पार दुसऱ्या टोकाला. आमची भेट कोर्टातही झाली नव्हती. झाली असती तरी आम्ही एकमेकींकडे बघितलं असतं की नाही, शंका आहे.

त्या आत येईनात. दाराच्या चौकटीला धरून उभ्या. श्रीधर त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते दार लावतील. ते आत गेले आणि पाणी घेऊन आले. "बैठिए, भाभी. पहले बैठिए."

"दवाखाने वाले दमा बता रहे हैं," त्या म्हणाल्या. "पंप दिया है। कुछ नहीं होता।"

"आपने उनको बताया?" मी विचारलं.

त्यांनी पेल्यात बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. श्रीधरनी आम्हा दोघींना सिद्दीकी मॅडमच्या ओपीडीत सोडलं. बाकावर आम्ही शेजारी बसलो. नंबर आला तशी भाभींनी माझ्या मनगटाला धरलं, आणि कातडीचा स्पर्श होताच पटकन हात काढून घेतला. मी त्यांचा हात पुन्हा माझ्या हातात घेतला.

मॅडमनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. भाभींची छाती तपासली, फोटो दिव्यासमोर धरला, मग खुर्ची पुढे ओढली.

"घर में कोई धुआँ, कोई केमिकल? कोई बदबू आती थी?"

भाभींनी पदर तोंडावर धरला. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. उत्तर मला माहीत होतं, मला ते देता आलं असतं. मी भाभींचा हात धरून खाली फरशीकडे बघत राहिले.

भाभींनी पदर तोंडावरून बाजूला केला.

"मेरा बेटा," त्या म्हणाल्या, आणि खोकल्या, आणि पुन्हा सुरुवात केली. "मेरा बेटा घर में नशा बनाता था।"

मॅडमनी पेन उचललं. "कौन-से कमरे में?" त्यांनी विचारलं, आणि भाभी सांगायला लागल्या.